केसपेपरवर ‘१५’ लिहिण्याआधी

डोक्याच्या दुखापतीचा अभ्यास करायला आलेली मुलं पहिला आठवडाभर सीटी स्कॅनच्या पडद्याला चिकटून असतात. मीही तेच केलं. ताजं रक्त पांढरं दिसतं. कवटी आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये साचलेलं भिंगासारखं फुगीर, आवरणाखालचं चंद्रकोरीसारखं. दोन दिवसांत ओळखता येतं आणि फार शिकल्यासारखं वाटतं. पण माझा प्रबंध ‘सौम्य’ दुखापतीवर होता आणि त्यातल्या बहुतेकांचा सीटी कोरा निघायचा. मग अभ्यास कशाचा करायचा, हे मला एका नटाने शिकवलं.

गोव्यात फोंड्याकडच्या एका जत्रेतलं रात्रीचं मराठी नाटक संपवून पहाटे घरी जाताना तो स्कूटरवरून पडला होता. हेल्मेट नव्हतं, गालावर रंग तसाच. मी नाव विचारलं, ठिकाण विचारलं, वार विचारला. सगळं बरोबर. शुद्ध मोजायच्या पट्टीवर डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६ अशी पूर्ण गुणांची बेरीज करून मी केसपेपरवर १५ लिहिले आणि पुढच्या खाटेकडे वळले. त्याचा पुतण्या मागून आला. “डॉक्टर, काका मघापासून एकच विचारतात, माझा प्रवेश झाला काय? मी सांगतो, झाला. पाच मिनिटांनी परत तेच.” मी परत गेले तर त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिल्यासारखा नमस्कार केला. गंमत म्हणजे त्या प्रवेशातलं पल्लेदार वाक्य त्यांनी न अडखळता म्हणून दाखवलं.

जुनं पाठांतर शाबूत, नवी आठवण मात्र धरत नाही. ही अवस्था किती तास टिकते, यावरून पुढे माणूस कसा सुधारेल याचा अंदाज येतो आणि पुष्कळदा तो पहिल्या बेरजेपेक्षा खरा ठरतो. तेव्हापासून मी प्रत्येकाला तीन शब्द सांगते आणि दहा मिनिटांनी परत विचारते. पडण्याआधीचं शेवटचं काय आठवतं आणि पडल्यानंतरचं पहिलं काय, हेही. “मला लोकांनी उचललं” असं सांगितलं तर तेवढ्यावर थांबू नका. ते त्याला आठवतं की कुणी सांगितलं, ते विचारा.

ती बेरजेची मोजपट्टी, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, वाईट आहे असं नाही. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी मांडली, अजून जगभर तीच चालते. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ आणि त्याखाली गंभीर. आपल्याकडे गाडी अडते ती बोलण्याच्या गुणांवर. रुग्ण कोकणी बोलणारा, इंटर्न हिंदीतून विचारणारा, पलीकडच्या खाटेवर कानडी मजूर आणि मोसमात एखादा रशियन पर्यटक. उत्तर आलं नाही म्हणजे माणूस गोंधळलाय की प्रश्नच कळला नाही? “तुमचें नांव कितें? आयज कसलो वार? आतां तुमी खंय आसात?” एवढं तरी पहिल्याच दिवशी पाठ करा. बाकी भाषांसाठी वॉर्डातल्या सिस्टर आणि अटेंडंट यांच्याशी गोडीने राहा.

दुसरी अडचण वेळेची. मेंदूतून रक्तात उतरणाऱ्या जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या प्रथिनांच्या चाचणीला अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली. सीटीची गरज आहे का, हे ठरवायला ती मदत करते. पण तेव्हाची ती परवानगी दुखापतीनंतर १२ तासांच्या आत घेतलेल्या रक्तासाठीच होती. म्हणजे नेमकी वेळ हवी, आणि घरचे सांगतात, “सकाळी पडला.” सकाळी म्हणजे किती वाजता? घड्याळ कुणी पाहिलेलं नसतं. मी विचारते, पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला होता का? पावाच्या सायकलचा भोंगा प्रत्येकाच्या लक्षात असतो. या एका प्रश्नाने माझ्या तक्त्यातल्या कितीतरी रिकाम्या चौकटी भरल्या.

हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत एक जास्तीचं पथ्य. तोंडाला वास येतो म्हणून ‘उतरेल’ असं म्हणून कुणाला कोपऱ्यात झोपवू नका. प्यायलेला माणूसच जास्त पडतो आणि त्याचंच डोकं नीट तपासलं जात नाही. अशाच एका कोपऱ्यातल्या माणसाच्या एका डोळ्याची बाहुली तासाभराने मोठी झालेली मी पाहिली आहे. कुठे, ते राहू दे. पडल्यावर शुद्ध येऊन नीट बोलणारा माणूस काही तासांत परत बेशुद्धीत बुडू शकतो. कानशिलाखालची धमनी फाटली तर असंच होतं. म्हणून परत परत तपासायचं आणि प्रत्येक वेळी आकड्याशेजारी वेळ लिहायची. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे म्हातारे नुसते न्हाणीत घसरले असले तरी त्यांना हलक्यात घेऊ नका. त्यांच्यात रक्त सावकाश, कधी आठवड्यांनीही साचतं.

उपकरणांचं म्हणाल तर चांगला टॉर्च, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि कॉफी पावडरची छोटी बाटली एवढं खिशात ठेवा. बाटली वास तपासायला. माझ्या प्रबंधातल्या एका बाईंनी दोन आठवड्यांनी फोनवर तक्रार केली की हल्ली हुमणाला (माशाच्या आमटीला) चवच लागत नाही, सून मसाला कमी घालते. सुनेचा दोष नव्हता. नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे तंतू धक्क्याने तुटतात, आणि ‘तुम्हाला वास येतो का?’ असं वॉर्डात आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे दोन आठवड्यांचा फोन चुकवू नका, आणि जमलं तर रुग्णाशी बोलून झाल्यावर घरच्यांशी वेगळं बोला. चिडचिड, झोप, विसरभोळेपणा या गोष्टी रुग्ण सांगत नाही, बायको सांगते.

आमचे नट महिन्याने तपासणीला आले. तीनही शब्द त्यांनी दहा मिनिटांनी बरोबर सांगितले. त्या रात्रीचा प्रवेश मात्र आठवला नव्हता. “टाळ्या पडल्या म्हणतात,” ते जरा खट्टू होऊन म्हणाले, “पण मी नव्हतो ना तिथे.”