ईस्टर झाला, आता घरात काय? पन्नास दिवसांची रीत

ईस्टरच्या पहाटे आपल्या सातारा-सांगलीकडचं ख्रिस्ती घर लवकर जागं होतं. पहाटेची उपासना होते, कबरस्तानात फुलं आणि मेणबत्त्या ठेवल्या जातात, दुपारी बिर्याणी होते, आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्या-मुंबईची मंडळी परत जातात. सोमवारी एमआयडीसीची पहिली पाळी असते, मुलांच्या परीक्षा असतात, नळाला पाणी यायची वेळ असते. उपवासकाळाचे चाळीस दिवस मोजून पाळलेले असतात; त्यानंतरचे पन्नास दिवस मात्र बहुतेक घरांत कुणी मोजतही नाही.

ख्रिस्ती पंचांगात ईस्टर हा एक दिवस नसून काळ आहे. तो पेन्टेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याचा सण), म्हणजे ईस्टरचा रविवार धरून पन्नासाव्या दिवसापर्यंत चालतो. मध्ये चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला, स्वर्गारोहण ६ मेला आणि पेन्टेकॉस्ट १६ मेला आहे. या काळात उठलेला प्रभू कुठे कुठे भेटला ते पाहा: बागेत, दारं लावून बसलेल्या घरात, अम्माऊसच्या वाटेवर, जेवणाच्या पंगतीत, तळ्याकाठी निखाऱ्यांपाशी. मंदिरात भेटल्याची नोंद नाही. म्हणून या पन्नास दिवसांचं काम मुख्यतः घरातलं आहे.

आधी वाचन ठरवा

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात २८ अध्याय आहेत, आणि ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंत सात आठवडे. आठवड्याला चार अध्याय घेतले की पुस्तक बरोबर पुरं होतं. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार हे वाचनाचे वार धरा. बुधवार आणि शनिवार मोकळे ठेवा, कारण मधल्या वारी घरसभा असते किंवा पाहुणे येतात. सातवा अध्याय ६० ओव्यांचा आहे आणि तेरावा ५२. हे एका बैठकीत वाचायला गेलात तर लहान मुलं झोपतात. त्यांचे दोन भाग करा आणि दुसरा भाग मोकळ्या वारी घ्या.

रविवारी संध्याकाळी पुनरुत्थानाचे वृत्तांत वाचा. ईस्टरच्याच संध्याकाळी लूक २४:१३–३५, कारण अम्माऊसची गोष्ट त्याच संध्याकाळी घडली. पुढच्या रविवारी योहान २०:१९–३१, कारण शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला प्रभू आठ दिवसांनी भेटला. मग क्रमानं योहान २१, मत्तय २८, मार्क १६, योहान २०:१–१८ आणि स्वर्गारोहणानंतरच्या रविवारी लूक २४:३६–५३. ईस्टर होऊन दोन-तीन आठवडे लोटले असतील, तरी आज ज्या आठवड्यात आहात तिथून सुरुवात करा.

घरात मुलं असतील तर काही अध्याय त्यांच्यासाठी राखून ठेवा: नववा (शौलाला टोपलीतून तटावरून उतरवतात), बारावा (पेत्र दाराशी उभा आणि रुदा आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरते), विसावा (युतुख खिडकीत झोपतो आणि खाली पडतो), सत्ताविसावा (जहाज फुटतं). हे अध्याय मुलांनाच वाचू द्या. अडखळले तरी मध्ये शब्द पुरवू नका.

प्रार्थनेची बारा मिनिटं

घरची प्रार्थना बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ती लांबते. पहिल्या आठवड्यात पाऊण तास, दुसऱ्यात अर्धा तास आणि तिसऱ्यात काहीच नाही, असं होतं. म्हणून सुरुवातीपासून बारा मिनिटांवरच थांबा: दोन मिनिटं गीत, पाच-सहा मिनिटं वाचन, एक मिनिट शांतता, दोन-तीन मिनिटं प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना.

घड्याळाची वेळ धरू नका. रोज होणाऱ्या एखाद्या कामाला ती जोडा. रात्रीचं जेवण झालं की ताटं उचलण्याआधी, ही वेळ आपल्याकडे सर्वांत टिकते. मालिकेआधी की मालिकेनंतर, हा वादही आपोआप मिटतो. घरात कुणाला हॉस्पिटलची किंवा कारखान्याची रात्रपाळी असेल, तर ‘सगळे जमल्यावरच’ हा नियम करू नका. दोघं असले तरी प्रार्थना होते. ड्युटीवरच्या माणसानं तोच अध्याय सुटीच्या वेळी वाचावा. बाहेरगावी असलेल्या मुलांना फोनवर घ्यायचं असेल, तर नुसता आवाज पुरे. व्हिडिओ लावला की केस केवढे वाढले, जेवलास का, याच गोष्टी होतात.

वाचन एकाच भाषांतरातून करा. आजीजवळ जुनं पवित्र शास्त्र आणि मुलांच्या मोबाईलवर सोप्या भाषेतलं असेल, तर आळीपाळीनं वाचताना ओव्या जुळत नाहीत आणि सगळ्यांचंच लक्ष उडतं. आठवडाभर जुनं आणि पुढचा आठवडा सोपं, असं वाटून घ्या.

वाचनानंतर प्रवचन नको. एकच प्रश्न विचारा: यातलं उद्या रात्रीपर्यंत आपल्या घरात करता येण्यासारखं काय आहे? उत्तर ‘प्रेमानं वागलं पाहिजे’ असं आलं, तर ते मोजता येत नाही. ‘शेजारच्या आजींचं रेशन मी आणून देतो’ हे मोजता येतं. ते उत्तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी त्या तारखेच्या चौकटीत लिहा. दुसऱ्या दिवशी झालं असेल तर खूण करा. झालं नसेल तर कुणी जाब विचारायचा नाही. तेच काम पुढच्या चौकटीत लिहायचं.

एक चूक फार घरांत होते आणि ती मुलांच्या मनात वर्षानुवर्षं राहते. डोळे मिटल्यावर मोठी माणसं देवाशी बोलण्याच्या निमित्तानं मुलांना बोलतात: “प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, याच्या हातातला मोबाईल सुटू दे.” तसंच सुनेला ऐकू जाईल अशी सासूची प्रार्थना, आणि सासूला ऐकू जाईल अशी सुनेची. अशी प्रार्थना ऐकणारा पुढच्या वेळी जेवण उरकून लवकर उठतो. ठरवून टाका: प्रार्थनेत समोर बसलेल्याचा दोष काढायचा नाही. प्रत्येकानं एक उपकार आणि एक मागणं, दोनच वाक्यं बोलावीत. चार-पाच वर्षांच्या मुलानं “प्रभू, आंब्याबद्दल उपकार” म्हटलं तरी त्याची प्रार्थना झाली. दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना आठवड्यातून एकदा सगळी बैठक चालवू द्या, आणि त्या दिवशी वडिलांनी खाली बसून ऐकावं.

गीताची अडचण बहुतेक सुराची असते. घरात कुणाला गाता येत नसेल तर अभंगाच्या चालीचं ख्रिस्ती भजन घ्या. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची, हातात टाळ असला तर उत्तम. पुस्तक लागत नाही, आजीला चष्मा लागत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तो याच साताऱ्यात. अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती घरांत रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. तो वारसा आपल्या अंगणातला आहे. नव्या गीतांबरोबर तोही चालू राहावा.

पंगतीत एक जागा

अम्माऊसच्या दोघांनी त्या वाटसरूला “आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ झाली” असं म्हणून थांबवून घेतलं, आणि भाकर मोडताना त्यांना तो ओळखू आला. आठवड्यातून एकदा नात्याबाहेरच्या एका माणसासाठी जागा ठेवा: मंडळीतले एकटे राहणारे काका, वसतिगृहातली मुलगी, नव्यानं बदली होऊन आलेलं कुटुंब. खास बेत करू नका. बेत मोठा केलात की पुढच्या आठवड्यात तुम्ही बोलावणार नाही. भाकरी, आमटी, कांदा, जे घरात असेल तेच.

मिरजेत राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि तेव्हापासून कर्नाटक-कोकणातले पेशंट मिरजेला येत राहिले. हॉस्पिटलबाहेर बसलेल्या नातेवाइकांचे मात्र जेवणाचे हाल होतात. दोन माणसांचा डबा म्हणजे आठ चपात्या, सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन केळी. एप्रिल-मेच्या उन्हात ओलं खोबरं, दही किंवा पातळ पिठलं देऊ नका. दोन-तीन तासांत वास येतो. डबा फक्त नातेवाइकांना द्या. पेशंटचं पथ्य डॉक्टरांना माहीत असतं, आपल्याला नसतं.

आणि डब्याबरोबर पत्रक देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्यानं “तुम्ही हे का करता?” असं विचारलं तर सौम्यपणे आणि आदरानं खरं उत्तर द्या; पेत्राच्या पहिल्या पत्रातही (३:१५) विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, असंच सांगितलं आहे.

तुटलेलं नातं

सगळ्यांत अवघड पायरी ही, आणि पन्नास दिवसांतला मोठा वेळ हिला द्यावा. सातारा-सांगलीत अबोला बहुतेक बांधावरून, वाटणीवरून, नाहीतर लग्नातल्या मानपानावरून असतो. एकाच बाकावर पाच वर्षं बसून न बोलणारे भाऊ प्रभुभोजन घेतात. मत्तय ५:२३–२४ मध्ये येशूनं क्रम सांगितला आहे: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर.

योहान २१ वाचल्यावर या पायरीला हात घाला. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं होतं. येशूनं आधी निखाऱ्यांवर मासे भाजून त्याला जेवू घातलं आणि मग “माझ्यावर प्रेम करतोस का?” असं तीनदा विचारलं. आधी भाकर, मग प्रश्न.

एकच माणूस निवडा, तीन नकोत. एक आठवडा रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. ती त्याला सुधारण्याची नको, त्याचं भलं होण्याची असावी. मग स्वतः जा, एकटे जा. मत्तय १८:१५ मध्येही आधी एकट्यानंच जायला सांगितलं आहे. चार माणसं घेऊन गेलात तर पंचायत बसते. व्हॉट्सॲपवर लांब मजकूर पाठवू नका. तो पुढे दहा जणांकडे जातो. जाताना हातात काहीतरी असावं, बागेतले चार लिंबूसुद्धा चालतील. दिलेला चहा प्या.

काय बोलायचं ते आधी ठरवून जा. “काही चुकलं-माकलं असेल तर माफ कर” हे वाक्य आपल्याकडे सर्रास चालतं, पण त्यात काहीच कबूल केलेलं नसतं. नेमकं बोला: “दादा, मावशीच्या तेराव्याला मी सगळ्यांसमोर तुला बोललो. माझं चुकलं.” इथे थांबा. “पण तूही...” हे शब्द आले की केलेलं सगळं वाया जातं. पहिल्या भेटीत सातबारा काढू नका. क्षमा वेगळी आणि वाटणीचा हिशेब वेगळा. तो हिशेब नंतर कागदावर, दोघांच्या विश्वासातल्या माणसासमोर करावा. समोरचा बोललाच नाही, तर पाणी पिऊन निघा आणि पेन्टेकॉस्टच्या आधी आणखी एकदा जा.

हेच घरातही लागू आहे. मुलावर विनाकारण हात उगारला असेल तर बापानं त्याच रात्री त्याची क्षमा मागावी. त्यानं बापाचा मान कमी होत नाही. कलस्सैकरांस पत्रात (३:२१) मुलांना चिरडीस न आणण्याची आज्ञा बापांनाच आहे.

पण घरात मारहाण होत असेल, किंवा मुलांशी कुणी वाईट वागत असेल, तर क्षमेच्या नावाखाली गप्प बसायला सांगणं हे पाप आहे. आधी त्या माणसाला सुरक्षित जागी न्या. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीला ११२ हे क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवा.

मूठ आणि माठ

मिझोरामच्या मंडळ्यांत शंभराहून अधिक वर्षांपासून एक रीत आहे: स्वयंपाकासाठी तांदूळ काढले की एक मूठ देवासाठी बाजूला ठेवायची. आपल्याकडे तांदूळ किंवा ज्वारी घ्या. एक मूठ साधारण पन्नास ग्रॅमची. दिवसाला दोनदा धरली तर सात आठवड्यांत जवळजवळ पाच किलो धान्य होतं. एकाच जातीचं धान्य घाला, डबा कोरडा आणि घट्ट झाकणाचा असावा, आत सुकलेला कडुलिंबाचा पाला ठेवा, नाहीतर मे महिन्यात किडे होतात. मूठ रोज वेगळ्या माणसानं घालावी, म्हणजे देणं हे एकट्या आईचं काम राहत नाही.

दारात पाण्याचा माठ ठेवणार असाल, तर पंधरा-वीस लिटरचा घ्या, खाली वाळूची चुंबळ करा, वर ओलं गोणपाट गुंडाळा आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. रोज सकाळी उरलेलं पाणी झाडांना घालून माठ आतून घासायचा. पहिल्या आठवड्यानंतर हेच काम राहून जातं, पाण्यात अळ्या होतात आणि लोक पुन्हा थांबत नाहीत. माठ घासायची पाळी आधी ठरवा आणि मगच तो दारात ठेवा. माण-खटाव, जत-आटपाडीकडे पाणी टँकरचं असेल, तर छोटा माठ पुरे.

चौथा आठवडा

उत्साह साधारण इथे ओसरतो. लग्नसराई असते, गावोगावच्या जत्रा असतात, मुलं मामाकडे जातात. चुकलेले अध्याय एकदम भरून काढू नका. सोडून द्या आणि त्या दिवशीचा अध्याय उघडा. जत्रेच्या जेवणाचं आमंत्रण आलं तर जावं की नाही, कुठपर्यंत सामील व्हावं, यावर घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ आणि १० हे अध्याय नवरा-बायकोनं एकत्र वाचून, पाळकांशी बोलून आधीच ठरवावं. पाहुण्यांच्या दारात उभं राहून वाद घालू नये.

पेन्टेकॉस्टच्या संध्याकाळी कृत्यांचा दुसरा अध्याय पुन्हा वाचा. धान्य तोलून, नाव न सांगता, मंडळीतल्या गरजू घरी पोचवा. कॅलेंडरवरच्या खुणा मुलांना मोजू द्या. आणि सोमवारी रात्री जेवण झालं की ताटं उचलण्याआधी मार्काचा पहिला अध्याय काढा. आठवड्याला चार धरले तर त्याचे सोळा अध्याय चार आठवड्यांत होतात.