व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग: कॅमेरा लावण्याआधी आणि धमकी आल्यावर काय करायचं

एप्रिल-मेमध्ये देवगड-रत्नागिरीचे बागायतदार पेटी पाठवण्याआधी गिऱ्हाइकाला आंबे व्हिडिओ कॉलवर दाखवतात. गणपतीत रजा न मिळालेला चाकरमानी आणि जहाजावरचा मुलगा आरतीला फोनमधूनच हजर असतात. यातला कुठलाही कॉल समोरचा माणूस गुपचूप साठवून ठेवू शकतो आणि ती क्लिप पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागू शकतो.

व्हॉट्सॲपचा कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे वाटेत तो कोणाला पाहता येत नाही. समोरच्याच्या फोनवर मात्र तो उघडाच असतो. तिथे स्क्रीन रेकॉर्डर चालू केला की दोन्हीकडचे चेहरे साठतात. आयफोनमध्ये ही सोय २०१७ च्या आयओएस ११ पासून आहे, अँड्रॉइडमध्ये ११ व्या आवृत्तीपासून. व्हॉट्सॲप तुम्हाला त्याची सूचना देत नाही. झूम आणि गूगल मीट देतात, पण त्यांच्याच बटणाने रेकॉर्डिंग केलं तर. शेजारी दुसरा मोबाइल धरून कोणी शूटिंग केलं, तर कुठल्याच ॲपला पत्ता लागत नाही. त्यामुळे कोणतं ॲप सुरक्षित हा वाद घालण्यापेक्षा कॅमेऱ्यासमोर काय येतंय ते आपण ठरवायचं.

१. जागा बघा
घरात रेंज नाही म्हणून आपण फोन घेऊन खळ्यात किंवा सड्यावर जातो. तिथे निदान मागे घर दिसत नाही. ओटीवरून बोलताना माजघराचं दार मागे येऊ देऊ नका. भिंतीला पाठ लावून बसा. कॅलेंडरवर लिहिलेले पासवर्ड आणि टेबलावरचं पासबुक आधी हलवा. आरती दाखवताना घरात मोठ्याने सांगा, "कॅमेरो चालू आसा हां!" न्हाऊन ओल्या केसांनी बाहेर येणाऱ्या वहिनीला ते कळायलाच हवं. होमस्टेवाल्यांनी खोली दाखवताना उतरलेले पाहुणे चौकटीत घेऊ नयेत.

२. माल दाखवायला मागचा कॅमेरा
गिऱ्हाइकाला आंबे बघायचे असतात, तुमचा चेहरा नाही. आणि 'पैसे अडकलेत, स्क्रीन शेअर करा' असं कोणी म्हणालं तर कॉल तिथेच तोडा. स्क्रीन शेअर चालू असताना आलेला ओटीपी समोरच्यालाही दिसतो.

३. सेटिंग्ज
व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो आणि ग्रुप 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवा. कॉल्समध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' सुरू करा. हंगामात अनोळखी नंबर म्हणजेच गिऱ्हाईक, हे मान्य. मग धंद्याला वेगळा नंबर घ्या. फेसबुकची मित्रयादी लपवा. हे काम लोक टाळतात, पण धमकी देणारा हीच यादी दाखवून घाबरवतो.

४. अनोळखी व्हिडिओ कॉल
सापळा ठरलेला असतो. पलीकडे कपडे काढणारी बाई दिसते, पण बहुतेकदा तो आधी चित्रित केलेला व्हिडिओ असतो. तुमचा चेहरा काही सेकंद मिळाला तरी टोळीचं काम होतं; बाकीचं एडिटिंगने जोडतात आणि क्लिप ओळखीच्यांना पाठवायची धमकी देतात. म्हणून असा कॉल उचलूच नका. चुकून उचललात तर कॅमेऱ्यावर अंगठा ठेवा आणि बंद करा. काम असणारा माणूस मेसेज करतोच.

५. धमकी आली तर
पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून चॅट पुसू नका: नंबर, मेसेज, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट करून ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा; लवकर कळवलं तर ते पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वरही करता येते.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच. ठाण्यातला हवालदार ओळखीचा, त्याची बायको आपल्या वाडीतली. लाजेपायी माणूस गप्प बसतो आणि पैसे भरत राहतो. पण झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली गुन्ह्याची नोंद, कुठल्याही ठाण्यात करता येते. मालवणात नको वाटलं तर कणकवलीत जा. महिला आणि मुलांबाबतच्या गुन्ह्यांची तक्रार पोर्टलवर नाव न देताही करता येते. संमतीशिवाय कोणाच्या खासगी अवयवांचं चित्रण करणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धमकावून पैसे उकळणं हा खंडणीचा वेगळा गुन्हा.

क्लिप पसरण्याची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग वापरा. व्हिडिओ तुमच्याच फोनवर राहतो. फक्त त्याचा डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तीच क्लिप त्यांच्या साइटवर आली तर अडवता येते. ही सोय १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, लहानांसाठी 'टेक इट डाउन' ही तशीच सेवा आहे. मूल अडकलं असेल तर आधी त्याला ओरडू नका, १०९८ ला फोन करा.

आणि दोन दिवसांनी 'दिल्ली सायबर सेलमधून बोलतोय, अटक टाळायची तर पैसे भरा' असा फोन येईल. तो त्याच टोळीचा. व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करण्याची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. तो नंबरही आधीच्या तक्रारीत जोडा.