मार्चअखेर शाळा अनुदान: आधी देणी, मग शिल्लक

जिल्हा परिषदेच्या शाळेत समग्र शिक्षा या केंद्र-राज्य योजनेचे संयुक्त अनुदान (शाळेच्या किरकोळ वार्षिक खर्चाची रक्कम) आता पडून राहत नाही. 1 जुलै 2021 पासून शाळेचे खाते शून्य शिलकीचे. हाती असते ती फक्त खर्चाची मर्यादा. 31 मार्चला न वापरलेली मर्यादा संपते, पण दुकानदाराची उधारी संपत नाही. नवीन वर्षाच्या अनुदानातून जुने बिल भागवले की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेलाच.

म्हणून फेब्रुवारीतच देण्यांची यादी करा: महावितरणचे वीजबिल, हातपंप किंवा पंख्याची दुरुस्ती, स्टेशनरी. स्वच्छतेचा 10 टक्के हिस्सा आधी वेगळा धरा. अनुदान 25,000 रुपये असेल तर 2,500. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात काम, रक्कम आणि दुकानदाराचे नाव, तिन्ही लिहा. ‘आवश्यक खर्चास मंजुरी’ एवढ्या ओळीवर काहीच सिद्ध होत नाही.

पैसे अडतात ते बहुतेक खाते क्रमांक आणि आयएफएससीवर. 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. नागपूर जिल्ह्यातल्या कुही, भिवापूर, पारशिवनीकडच्या दुकानदाराचे खाते तिथले असेल तर जुन्या पासबुकावर विसंबू नका, बँकेतून ताजा तपशील मागवा. पीएफएमएसवर (सरकारी पैसे देण्याची केंद्राची ऑनलाइन प्रणाली) एकाने देयकाची नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची. मग पेमेंट ॲडव्हाइस, म्हणजे बँकेला पैसे देण्याची सूचना, छापून मुख्याध्यापक व समितीच्या अध्यक्षांच्या सह्यांनिशी बँकेत द्यायची. काम इथे संपले असे समजू नका. दोन दिवसांनी स्थिती पाहा. व्यवहार फसला तर रक्कम परत फिरते आणि देयक नव्याने टाकावे लागते. ॲडव्हाइस 20 मार्चच्या आत बँकेत गेली, तरच या दुरुस्तीला वेळ उरतो.

प्रत्येक बिलावर प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक, ठरावाची तारीख आणि साठा नोंदवहीचे पान लिहा. बिल 14 मार्चचे आणि साठ्यात नोंद 2 एप्रिलची, असे झाले की वस्तू खरेच आली का, हा प्रश्न येतो.

आता शिल्लक. 25,000 पैकी 21,340 खर्च झाले तर 3,660 अखर्चित दाखवा आणि उपयोगिता प्रमाणपत्रात (अनुदान कशावर खर्च झाले याचा दाखला) 21,340 च लिहा. ‘निधी परत जाईल’ या धास्तीने वस्तू येण्याआधीच बिल घेणे, दुकानदाराकडे पैसे जमा ठेवणे हा सरळ गैरव्यवहार आहे. वसुली मुख्याध्यापकाच्या पगारातून होऊ शकते. जुन्या बचत खात्यात व्याज किंवा रक्कम राहिली असेल तर तीही शाळेची नाही. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्राकडून लेखी सूचना घ्या, रक्कम परत भरा आणि चलनाची प्रत रोकडवहीला जोडा.