लिस्पमध्ये यादीतला एखादा तरी घटक ‘खरा’ आहे का, हे कसे तपासावे

लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतल्या यादीत काही घटक निल (म्हणजे ‘खोटे’ किंवा ‘काही नाही’) आहेत, काही नाहीत, आणि त्यातला एखादा तरी खरा आहे का एवढेच विचारायचे आहे. लिस्प नव्याने शिकणारा इथे हमखास ‘ऑर’कडे, म्हणजे ‘किंवा’कडे, वळतो आणि तिथेच अडतो. कॉमन लिस्पमध्ये, म्हणजे १९९४ साली एएनएसआय (अमेरिकी मानक संस्थेचे) मानक ठरलेल्या लिस्पमध्ये, उत्तर एका ओळीचे आहे:

(सम #'आयडेंटिटी यादी)

इथला सगळा कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत दिला आहे. संगणकावर नावे आणि अंक रोमन लिपीतच टाइप करा. सम म्हणजे एस-ओ-एम-ई, निल म्हणजे एन-आय-एल, आणि पुढे येणारे नल म्हणजे एन-यू-एल-एल. शेवटच्या दोघांत गल्लत करू नका. ‘यादी’च्या जागी तुमच्या व्हेरिएबलचे नाव येईल. #' म्हणजे ‘यापुढच्या नावाचे फंक्शन’. कोड चालवून पाहायला एसबीसीएल हा मोफत कंपायलर पुरेसा आहे. टर्मिनलमध्ये त्याचे नाव लहान अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. तारांकन (*) दिसले, की त्यापुढे कोड लिहायचा.

पायरी १: ‘खरे’ म्हणजे काय ते पक्के करा

कॉमन लिस्पमध्ये खोटी गोष्ट एकच: निल. रिकामी यादी म्हणजेही तेच निल. बाकी सगळे खरे. शून्य खरे, रिकामी स्ट्रिंग खरी, ‘फॉल्स’ नावाचे चिन्हसुद्धा खरे. सी किंवा पायथनची सवय असलेला माणूस इथे फसतो:

(सम #'आयडेंटिटी '(० ०))
→ ०

हे उत्तर ‘खरे’ आहे. शून्य नसलेला आकडा शोधायचा असेल तर तशी अट स्पष्ट लिहावी लागते (लॅम्डा म्हणजे जागीच लिहिलेले बिननावाचे फंक्शन, /= म्हणजे ‘समान नाही’):

(सम (लॅम्डा (क्ष) (/= क्ष ०)) यादी)

पायरी २: सम चालवा

(सम #'आयडेंटिटी '(निल निल ७ निल ९))
→ ७
(सम #'आयडेंटिटी '(निल निल))
→ निल
(सम #'आयडेंटिटी '())
→ निल

सम दिलेले फंक्शन डावीकडून एकेका घटकावर चालवते. निल सोडून जे उत्तर पहिल्यांदा मिळेल ते परत करते आणि तिथेच थांबते. वरच्या यादीतल्या ९ पर्यंत ते पोचतच नाही. आयडेंटिटी हे फंक्शन जे दिले तेच जसेच्या तसे परत देते, म्हणून टी (लिस्पमधले नेहमीचे ‘खरे’) न मिळता ७ मिळाले. इफच्या अटीत वापरायला एवढे पुरते. नेमके टी किंवा निलच हवे असेल तर (इफ (सम #'आयडेंटिटी यादी) टी निल) असे लिहा.

पायरी ३: अट वेगळी असेल तर ती थेट समला द्या

समजा यादीत आकडे आहेत आणि त्यात एखादी सम संख्या (दोनने भाग जाणारी; सम फंक्शन नव्हे) आहे का ते पाहायचे आहे. मॅपकारने (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवून उत्तरांची यादी देणाऱ्या फंक्शनने) आधी खऱ्या-खोट्याची नवी यादी बनवून ती तपासू नका. लाख आकड्यांच्या यादीत पहिलाच आकडा सम संख्या निघाला तरी मॅपकार लाखही आकडे तपासतो. इतके पुरे (इव्हनपी म्हणजे ‘सम संख्या आहे का’ हे सांगणारे फंक्शन):

(सम #'इव्हनपी '(३ ४ ५))
→ टी

इथे फंक्शनचे उत्तर मिळाले, घटक नव्हे. ४ हा घटकच हवा असेल तर समऐवजी फाइंड-इफ (अट पाळणारा पहिला घटक देणारे फंक्शन) वापरा. मात्र फाइंड-इफला एक भोक आहे: शोधायचा घटकच निल असेल, तर सापडला काय आणि न सापडला काय, उत्तर निलच. यादीत निल आहे का हे विचारायला (सम #'नल यादी) किंवा (मेंबर निल यादी) वापरा. मेंबर सापडलेल्या घटकापासून पुढची यादी देते, त्यामुळे घोटाळा होत नाही.

ऑर का चालत नाही

अप्लाय यादीतले घटक फंक्शनला अर्ग्युमेंट म्हणून देते. पण (अप्लाय #'ऑर यादी) लिहिले की त्रुटी येते, कारण ऑर हे फंक्शन नसून मॅक्रो (आधी दुसऱ्या कोडमध्ये बदलली जाणारी रचना) आहे. फंक्शनला बोलावण्याआधी त्याच्या सगळ्या अर्ग्युमेंटांची किंमत काढली जाते. ऑरला पहिली खरी किंमत मिळताच पुढचे न पाहता थांबायचे असते, म्हणून ते फंक्शन होऊच शकत नाही, आणि अप्लायला फंक्शनच लागते. ऑरसारखे स्वतःचे फंक्शन लिहून ते अप्लायला दिले तरी लांब यादीचा भरवसा नाही. एका वेळी किती अर्ग्युमेंट देता येतील याची मर्यादा किमान ५० असावी, एवढीच मानकाची हमी आहे.

मग कोणी (इव्हॅल (कॉन्स 'ऑर यादी)) लिहितो, म्हणजे यादीच्या पुढे ऑर जोडून ती कोड म्हणून चालवतो. आकड्यांच्या यादीवर ते चालते, म्हणूनच ते धोक्याचे आहे. यादी '(निल आंबा) असली की इव्हॅल आंबा हे व्हेरिएबल समजून त्याची किंमत शोधते आणि त्रुटी देते. हा मार्ग घेऊच नका.

रिड्यूस (दोन-दोन घटक एकत्र करत यादीची एकच किंमत काढणारे फंक्शन) उत्तर बरोबर देते, पण यादी शेवटपर्यंत चालते. शिवाय (रिड्यूस (लॅम्डा (अ ब) (ऑर अ ब)) यादी) रिकाम्या यादीवर कोसळते, कारण तेव्हा लॅम्डाला एकही अर्ग्युमेंट मिळत नाही. :इनिशियल-व्हॅल्यू निल द्यावेच लागते. लूप आवडत असेल तर हे बिनधास्त वापरा, ते समसारखेच वेळेवर थांबते:

(लूप फॉर क्ष इन यादी देअरइज क्ष)

उत्तर चुकले तर यादी छापून पाहा

सम बरोबर लिहूनही उत्तर चुकते तेव्हा दोष बहुधा यादीत असतो. '(निल (> १ २)) या यादीत तुलना होतच नाही. अवतरणचिन्हामुळे आतले सगळे जसेच्या तसे राहते, दुसरा घटक तीन घटकांची यादी ठरतो, आणि यादी रिकामी नसल्याने तो खरा. (लिस्ट निल (> १ २)) असे लिहा. '(निल 'निल) तर अधिक फसवे: दुसरा घटक प्रत्यक्षात (क्वोट निल) ही यादी आहे, म्हणजे खराच.

स्वतःचे रिकर्सिव्ह (स्वतःलाच बोलावणारे) फंक्शन लिहिले असेल तर ते '(निल ७) वर चालवून पाहा. निल आले तर यादी संपली का हे तपासण्याऐवजी पहिला घटक निल आहे का हे तुम्ही तपासत आहात. थांबण्याची अट (नल यादी) हवी, (नल (फर्स्ट यादी)) नव्हे.

इतर लिस्पमध्ये

ईमॅक्स लिस्पमध्ये सीएल-लिब लोड करून सीएल-सम वापरा. स्कीममध्ये एसआरएफआय-१ या लायब्ररीतले एनी हेच काम करते, पण तिथे फक्त #एफ खोटे असते. क्लोजरमध्ये समच आहे, फंक्शनच्या नावाआधी #' लागत नाही, आणि निल व फॉल्स दोन्ही खोटे धरतात. या शेवटच्या दोघांत रिकामी यादी खरी असते, म्हणून कॉमन लिस्पमधून कोड उचलून नेताना यादीच्या आत याद्या असतील ती जागा आधी पाहा.