गर्दीच्या सोसायटीत वायफायचा चॅनेल कसा बदलावा

आमच्या सोसायटीत रात्री नऊनंतर वायफाय रडायला लागतं. दर वेळी दोष कंपनीचा नसतो. आजूबाजूचे राउटर एकाच चॅनेलवर, म्हणजे सिग्नलच्या एकाच अरुंद वाटेवर, कोंडलेले असतात.

आधी फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर (आसपासचे वायफाय कोणत्या चॅनेलवर आहेत ते दाखवणारं ॲप) घ्या आणि जिथे बसून काम करता तिथूनच बघा, राउटरला चिकटून नको. २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायचा एक फ्रिक्वेन्सी पट्टा, दुसरा ५ चा) १ ते १३ चॅनेल दिसतील, पण ते फसवं आहे. शेजारच्या दोन चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्झ, आणि सिग्नल पसरतो २० वर. म्हणून एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच धरा: १, ६, ११. मध्येच ४ घेऊन शहाणपणा केलात, तर १ आणि ६ दोघांचाही त्रास पदरात. तिघांतला मोकळा घ्या. मोकळा नसेल तर जिथे शेजाऱ्यांचे सिग्नल क्षीण, तो.

राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाका (आकडे इंग्रजीच हवेत). लॉगिनचा पासवर्ड वायफायचा नव्हे, वेगळा असतो. वायरलेसमध्ये ‘ऑटो’ काढून चॅनेल निवडा, रुंदी २० ठेवा, सेव्ह करा. वायफाय क्षणभर जाईल, घाबरू नका.

५ गिगाहर्ट्झला मी ऑटोच ठेवते. तिथे जागा भरपूर, फक्त भिंती सोसत नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजताना मीटिंग अडकत असेल, तर लॅपटॉप ५ वर न्या; मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपास चालतो, चॅनेल बदलून फारसा फरक पडत नाही.