हेडफोनसाठी साउंड कार्ड घेण्यापूर्वी

संगणकावर हेडफोन लावल्यावर खरखर किंवा गुणगुण ऐकू येत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरवर पैसे घालण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून केवळ बॅटरीवर ऐकून पाहावे. आवाज तेवढ्याने स्वच्छ झाला, तर दोष बहुधा साउंड कार्डाचा, म्हणजे संगणकातून हेडफोनला आवाज देणाऱ्या भागाचा, नसून विजेच्या बाजूचा असतो. आमच्या विदर्भातील खेड्यांत अनेक जुन्या घरांना धड अर्थिंग नसते, आणि असली तरी उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की तिचा उपयोग कमी होतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

चार्जर काढूनही खरखर राहिली, तर यूएसबीवर चालणारे बाहेरचे साउंड कार्ड घ्यावे, कारण त्यात डिजिटल ध्वनीचे हेडफोनला लागणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर संगणकाच्या आतील विद्युत गोंगाटापासून दूर होते.

स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरची गरज मात्र हेडफोनवर अवलंबून असते. १६ ते ३२ ओहमचे (ओहम म्हणजे विद्युत अवरोधाचे माप) सामान्य हेडफोन संगणकावर सहसा पुरेसे मोठे वाजतात. २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला जास्त व्होल्टेज लागते आणि तिथे अ‍ॅम्प्लिफायर खरोखर कामी येतो. निवडताना त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे आउटपुटचा स्वतःचा विद्युत अवरोध, हेडफोनच्या ओहमच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, म्हणजे ३२ ओहमसाठी ४ ओहमपेक्षा कमी. खोक्यावरील ‘३८४ किलोहर्ट्झ’सारख्या सॅम्पलिंग रेटच्या (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले जातात त्याच्या) आकड्यांना, माझ्या मते, फारसे महत्त्व देऊ नये; ऑडिओ सीडीसुद्धा ४४.१ किलोहर्ट्झचीच असते.