इंदूर-पुणे विमान: घ्यायला येणाऱ्याला वेळ काय सांगायची

इंदूरहून पुण्याला निघालं की घ्यायला येणारा विचारतोच, नक्की उतरणार कधी, आणि विमान लेट सुटलं की तिकिटावरची वेळ काही कामाची नाही.

गूगल मॅपवर इंदूरच्या विमानतळावर बोट दाबून धरा, पिन पडली की ‘मेझर डिस्टन्स’ (अंतर मोजा) घेऊन नकाशा सरकवत पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत न्या. सरळ रेषेत ५०० किमीच्या आसपास येतं. त्याला ८०० ने, म्हणजे जेटच्या ताशी वेगाने भागा न् वर अर्धा तास टाका, चढण-उतरण आणि धावपट्टीवरचं रांगणं त्यात येतं. सव्वा तासाच्या आत बसतं; विमान खरंच सुटलं त्या वेळेत हे मिळवा.

फक्त पंख्यावालं छोटं एटीआर विमान असेल तर ५०० ने भागायचं, म्हणजे वरच्या अर्ध्या तासासकट दीड तास. आणि सोबत आईने दिलेली शेवेची बॅग टाकली असेल तर सामानाच्या पट्ट्यापाशी अजून वीस मिनिटं धराच.